जिभेखालची घडी

जीभ टाळूला लावून आरशात पाहिलं की जिभेच्या खालच्या बाजूला मधोमध एक पातळ पडदा ताणलेला दिसतो. तो प्रत्येकालाच असतो. कुणाचा मागे असतो, कुणाचा पार शेंड्यापर्यंत आलेला असतो. आमच्याकडं कुणी त्याला तंतू म्हणतं, कुणी शीर म्हणतं, आणि तो आखूड असला की ‘जीभ चिकटलीय’ असं म्हटलं जातं. आमच्या एकाच घरात दोन लेकरांचा हा तंतू आखूड निघाला. एकीचा कापला, एकाचा अजून कापलेला नाही. दोन्ही निर्णय योग्य होते असं मला ठामपणे वाटतं, आणि त्यामागचं कारण नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे. मी सेलू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिलीच्या वर्गातल्या आया हा प्रश्न वरचेवर विचारतात. ‘मॅडम, याच्या जिभेखाली तंतू आहे, कापून टाकू का?’ तंतू आहे का, एवढंच बघून पुढचं सगळं ठरवलं जातं. त्या तंतूमुळं लेकराचं नेमकं काय अडतंय, हे बघायला कुणी थांबत नाही.

आधी नणंदेच्या मुलीबद्दल. पहिलं बाळंतपण म्हणून नणंद माहेरी, आमच्याकडं आली होती. बाळ चांगल्या वजनाचं, रंगानं लालबुंद, आणि भूक तर विचारू नका. दूधही भरपूर होतं. तरी पोट भरेना. बाळ छातीला लागायचं, चार घोट ओढायचं, ‘टक्’ असा आवाज व्हायचा आणि तोंड सुटायचं. परत लावायचं, परत ‘टक्’. तासभर पाजून झालं तरी लगेच रडायला सुरुवात. नणंदेला भेगा पडल्या, त्यातून रक्त यायला लागलं. बाळ जागं झाल्याची चाहूल लागली की तिचे खांदे आधीच आखडायचे. जन्मल्यावर बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. हिचं आलं नव्हतं. बाळंतिणीला बघायला येणारी प्रत्येक बाई एकच सांगून जायची, ‘वरचं दूध चालू करा.’ सासूबाई डिंकाचे लाडू वळायच्या, आळिवाची खीर करायच्या, कारण दोष आईच्या दुधाचा असेल असंच सगळ्यांना वाटत होतं.

परभणीच्या बालरोगतज्ज्ञांची एक गोष्ट माझ्या कायम लक्षात राहील. त्यांनी बाळाच्या तोंडात आधी बोट घातलं नाही. नणंदेला म्हणाले, ‘इथंच पाजा, मला बघू द्या.’ मग नर्सताईंनी तिची बसण्याची पद्धत बदलली. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, तोंड मोठं उघडल्यावर नुसतं टोक न देता भोवतीचा काळा भागही आत. तसं थोडे दिवस करून बघा म्हणाले. दुखणं जरा कमी झालं, पण तोंड सुटणं थांबलं नाही आणि वजनाचा काटा हलला नाही. तेव्हा कुठं त्यांनी जीभ तपासली. बाळ रडत असताना जीभ वर उचलतच नव्हती, आणि शेंड्याला मधोमध खाच पडून तो पत्त्यातल्या बदामासारखा दिसत होता.

जन्मानंतर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलंय ना, हे त्यांनी फाइल उघडून स्वतः वाचलं. ते दिलेलं असलं की रक्त थांबायची काळजी कमी होते. बाळाला कपड्यात घट्ट गुंडाळलं, मधे फट असलेल्या एका चपट्या साधनानं जीभ वर उचलली, बोथट टोकाच्या कात्रीनं पातळ पडदा कापला. रक्ताचे एक-दोन थेंब आले. बाळ रडलं, आणि रडतानाच त्याला आईच्या छातीला लावलं. पुढं जिभेखाली पांढुरका डाग दिसेल, तो पू नसतो, जखम भरतानाचा थर असतो, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते बरं झालं. नाहीतर तो डाग बघून आमच्या घरात नक्कीच धावपळ उडाली असती.

बाळाचं वजन वाढायला लागलं आणि नणंदेचे खांदेही खाली आले. पण माझ्या घरात जे घडलं ते सगळीकडं तसंच घडतं असं समजू नये. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेनं अशा ५ चाचण्या, म्हणजे मिळून ३०२ बाळं, एकत्र करून पाहिली. कापल्यावर आईचं दुखणं थोड्या काळापुरतं कमी होतं असं दिसलं. बाळाच्या पिण्यात मात्र प्रत्येक चाचणीत सारखी सुधारणा दिसली नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ साली आपल्या डॉक्टरांना सांगितलं की तंतू आखूड असलेल्या बाळांपैकी निम्म्यांहून कमी बाळांना दूध पिताना अडचण येते. म्हणजे तंतू दिसला तरी निम्म्याहून जास्त बाळं मजेत पितात. त्यांना कात्री कशासाठी लावायची? आमच्या बाळाला ती लागली, कारण पाजण्याची पद्धत सुधारूनही अडचण तशीच होती आणि ती डोळ्यांना दिसत होती.

आता माझ्या मुलाकडं येते. त्याचाही तंतू आखूड. पण जन्मल्यापासून तो व्यवस्थित प्यायला, खिचडी-वरण वेळेवर खाऊ लागला, म्हणून तिकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. लक्ष गेलं ते चार वर्षांचा झाल्यावर, त्याच्या बोलण्यामुळं. ‘तातू, मला तेळं दे,’ म्हणजे काकू, मला केळं दे. घरात आम्हाला कळायचं. बालवाडीत इतर लेकरं हसायची. मग तो बालवाडीत बोलेनासाच झाला. घरी आल्यावर मात्र दिवसभराचं साठलेलं सगळं माझ्यापुढं ओतायचा. हे बघून माझ्या पोटात तुटायचं.

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, जीभ जड आहे. सासूबाईंनी वेखंड उगाळायला घेतलं. गल्लीतल्या एक आजी पोपटानं उष्टा केलेला पेरू आणून द्यायला तयार होत्या. वेखंड पोटात गेलेलं मला नको होतं, ते मी सासूबाईंना समजावून बाजूला ठेवायला लावलं. पेरूला मात्र मी नाही म्हटलं नाही, स्वच्छ धुऊन दिला. आजीचा जीव होता त्यात. खरा जोर वेगळ्याच गोष्टीचा होता. ‘तिच्या लेकराची जीभ एका मिनिटात मोकळी केली. मग आपल्या लेकराला कशाला अडकवून ठेवायलीस?’ सासूबाई हे रागानं विचारत नव्हत्या. नातवावरच्या मायेनं विचारत होत्या, आणि मला सरळ उत्तर देता येत नव्हतं.

आम्ही एका दातांच्या दवाखान्यात दाखवलं. जीभ वर करून बघितली आणि लगेच सांगितलं, तंतू आहे, लेझरनं काढू, दिवाळीपर्यंत लेकरू स्पष्ट बोलेल. वरच्या ओठाच्या आतला तंतूही त्याच बैठकीत काढू, कारण समोरच्या दोन दातांत फट आहे. ओठाचं मी तिथंच नको म्हटलं. ते दुधाचे दात होते. दुधाच्या दातांत फटी असणं चांगलंच, मागून येणाऱ्या मोठ्या दातांना जागा मिळते. कायमचे दात आल्यावर राहिलेली फटही बऱ्याचदा अकरा-बाराव्या वर्षी सुळे आले की आपोआप मिटते. जिभेचा निर्णय इतका सोपा नव्हता.

त्या आठवड्यात मी पहिलीच्या वर्गात मुळाक्षरं घेत होते. भिंतीवर तक्ता. क ख ग घ, त्याखाली च छ ज झ, मग ट, मग त, मग प. हे असं का लावलंय, ते आपण लहानपणी शिकलोय आणि विसरलोय. क-वर्ग कंठातला, जिभेची मागची बाजू वर जाते. च-वर्ग टाळूवरचा. ट-वर्गाला जिभेचा शेंडा वर वळून मागं जातो. त-वर्गाला शेंडा दातांना लागतो. प-वर्ग ओठांचा. मी तक्त्यावर पट्टी फिरवत होते आणि मुलाचं बोलणं मनात चालू होतं. केळं म्हणताना तो ‘क’ चुकतो. ‘क’ला जिभेचा शेंडा लागतच नाही. त्या जागी तो ‘त’ म्हणतो, आणि ‘त’ तर शेंड्यानंच म्हणायचा असतो. तंतूनं शेंडा बांधला असेल तर त्याला ‘त’ अवघड जायला हवा आणि ‘क’ सोपा. आमच्याकडं नेमकं उलटं होतं. शिवाय ‘तेळं’मधला ळ? मराठीतला सगळ्यात अवघड अक्षरांपैकी एक, शेंडा मागं वळवल्याशिवाय निघत नाही. तो तर ठणठणीत होता.

वर्ग सुटेपर्यंत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

छत्रपती संभाजीनगरला वाणी उपचारतज्ज्ञांकडं जायचं ठरलं. सकाळची मराठवाडा एक्सप्रेस, खिडकीशी लेकरू. परतूर आलं की ‘आई, पलतूल!’ म्हणून ओरडला. त्यांच्याकडं जिभेला हात लागायच्या आधी कान तपासले गेले. लेकरू नीट बोलत नसेल तर पहिली तपासणी ऐकण्याची, हे मला तिथं पक्कं कळलं. सर्दीनं कानाच्या पडद्यामागं पाणी साठलं तरी अक्षरं अर्धवट ऐकू येतात, आणि जसं ऐकू येतं तसंच बोललं जातं. त्याचे कान चांगले होते. मग त्यांनी चित्रं दाखवली, त्याला बोलू दिलं, स्वतः लिहीत गेल्या. वरच्या ओठाला मध लावून चाटायला सांगितलं, चाटला. डाव्या-उजव्या कोपऱ्याला लावलं, तिथंही जीभ पोचली. बिस्किट खायला दिलं आणि गालात अडकलेला चुरा जिभेनं काढतो का ते बघितलं. काढला. मी मनातलं ‘क’ आणि ‘त’चं कोडं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बरोबर आहे. पुष्कळ लहान मुलं क-ग ऐवजी त-द म्हणतात. बहुतेकांचं साडेतीन-चारपर्यंत आपोआप सुटतं, याचं राहिलंय. याला सराव लागेल. र चं मात्र आत्ता काही बोलू नका, तो काहींना सहाव्या वर्षापर्यंत येत नाही.’

तंतूचं मापही त्यांनी सांगितलेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं घेतलं. तंतू जिथं जिभेला चिकटतो तिथून शेंड्यापर्यंतची मोकळी जीभ मोजतात. कोटलो नावाच्या दंतवैद्यांनी १९९९ साली बसवलेल्या मापात १६ मिलिमीटरच्या वर असेल तर काळजी नाही, १२ ते १६ सौम्य, ८ ते ११ मध्यम, ३ ते ७ तीव्र, आणि ३ मिलिमीटरहून कमी म्हणजे पूर्ण चिकटलेली. आमचं सौम्यमध्ये बसलं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली जे एकमत जाहीर केलं, त्यातही आखूड तंतूमुळं सहसा बोलणं बिघडत नाही असंच म्हटलेलं आहे.

आणि चार वर्षांच्या लेकराचं कापणं हे दोन आठवड्यांच्या बाळासारखं नसतं. सासूबाईंना मला हेच समजावायचं होतं. तान्ह्या बाळाचा पडदा पातळ असतो, गुंडाळून धरता येतं. चार वर्षांचं पोर तोंड उघडं ठेवून स्थिर बसत नाही. बहुतेक वेळा पूर्ण भूल द्यावी लागते, आधी सहा तास पोटात अन्न नको, मग टाके, मग जिभेचे व्यायाम. चांगल्या हातात हे सगळं सुरक्षित असतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण जखम भरताना व्रण आवळला तर जीभ पहिल्यापेक्षा आखडूही शकते. शिवाय तो तंतू म्हणजे वेगळी अशी दोरी नाही. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१९ साली बारकाईनं विच्छेदन करून दाखवलं की तोंडाच्या तळाशी पसरलेल्या पातळ आवरणाचीच ती घडी आहे, जीभ उचलली की उभी राहणारी. तिच्या अगदी जवळून जिभेला संवेदना देणाऱ्या नसांच्या शाखा जातात, लाळेच्या नळ्यांची तोंडंही तिथंच खाली उघडतात. गरज असेल तर हे सगळं सांभाळून करतातच. गरज नसताना तिथं हत्यार कशाला न्यायचं? लेझरचं तर नाव मोठं आहे. साध्या कात्रीपेक्षा तो सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही, बिल मात्र वाढतं.

मला सगळ्यात जास्त सलतं ते इथून पुढं. आमच्या भागात तंतू कापणारा दवाखाना तालुक्यालाही सापडतो. ‘क’ म्हणायला शिकवणारं माणूस शोधायला रेल्वेनं जावं लागतं. कापणं एका दिवसात उरकतं, सरावाला महिने लागतात, आणि प्रत्येक फेरीला मजुरी बुडते. सोयाबीनच्या काढणीत कोण लेकराला घेऊन संभाजीनगरला जाणार? म्हणून आई-बाप कात्रीला तयार होतात. त्यांना मी कशी नावं ठेवू? जे हाताशी आहे ते लेकरासाठी करायचं, एवढंच त्यांना ठाऊक असतं. २०१३ साली पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. बोलण्यात आणि ऐकण्यात अडचण असलेल्या लेकरांची नावं त्या डॉक्टरांना आवर्जून द्यावीत. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं चिठ्ठी मिळते आणि पैसे लागत नाहीत. गाडी आली की मी आता माझी यादी तयारच ठेवते. त्या यादीत ‘तंतू’ असं लिहीत नाही. ‘क ऐवजी त म्हणतो’, ‘वरचा ओठ चाटता येत नाही’, असं लिहिते.

कारण कधीकधी कापावंही लागतं. माझ्याच वर्गात एक मुलगी होती. तिची जीभ खालच्या दातांच्या पुढं येत नव्हती, जेवल्यावर गालातला घास बोटानं काढायची. त, न, ल, ड, सगळी शेंड्याची अक्षरं घसरायची, आणि जीभ उचलली की खालच्या समोरच्या दातांमागची हिरडी ओढली जाऊन पांढरी पडायची. तिच्या आई-बापाला मी स्वतः सांगितलं, वाट बघू नका. तिला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं, तिथं शस्त्रक्रिया झाली, नंतर व्यायामही दिले. आता ती कविता म्हणायला सगळ्यांच्या आधी हात वर करते.

आमच्या घरी सराव चालू आहे. उताणं झोपवायचं म्हणजे जीभ आपोआप मागं जाते, मग ‘क’ म्हणायचा. चमच्याच्या दांड्यानं शेंडा हलकेच खाली दाबून धरायचा. ‘त’ म्हणायला शेंडाच मोकळा नसला की मागची जीभ वर उठते. सकाळी सासूबाईंबरोबर घशात पाणी घोळवत गुळण्या, कारण तो ‘ग’च्या घरचाच आवाज. आणि जोड्यांचा खेळ. कार की तार? गार की दार? तो ‘दाल पाणी’ म्हणाला की सासूबाई उठून खरंच दाराकडं जातात आणि विचारतात, ‘दार? दार कशाला रे लेकरा?’ मग तो थांबतो, मान मागं टाकतो, आणि जोर लावून ‘गाल’ म्हणतो. ‘र’ अजून ‘ल’च आहे, पण ‘ग’ आला.

काका, काकडी, केळं आता बऱ्याचदा नीट येतं. शब्दाच्या मध्ये ‘क’ आला की घसरतो, ‘चाकू’चा ‘चातू’ होतो. बालवाडीत तो पुन्हा बोलायला लागलाय, आणि माझ्यासाठी ते सगळ्यात मोठं आहे. सहा पूर्ण झाली की जीभ परत मोजायची आणि ‘र’ ऐकायचा, असं ठरलंय. तेव्हा सराव करूनही शेंडा अडत असेल, तर थोड्या मोठ्या वयात पूर्ण भूल न देता फक्त जागा बधिर करूनही करता येतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मग मी मागंपुढं बघणार नाही, मीच त्याला घेऊन जाईन. सासूबाईंनाही हे सांगून ठेवलंय.

‘बरं,’ त्या म्हणाल्या, ‘तवर र मी घेते म्हणवून त्याच्याकडनं.’